बाहेरून कडी

नाही नाही मिस्त्री, आतून नाही, बाहेरून. कडी बाहेरच्या बाजूला बसवायची. — अहो, मला कळतंय मी काय सांगतेय. अडगळीची खोली आहे ही, आत बसून कडी कोण लावणार? बाहेरून असली की दार वाऱ्याने आपटत नाही. जुनं घर, एक खिडकी उघडली की चार दारं आपटतात, आल्यापासून नुसती दचकतेय मी. — पलंग? हो, आहे पलंग. अडगळीत पलंग ठेवू नये असा काही नियम आहे का? चपलाही आहेत, कंगवाही आहे, झालं ना बघून सगळं? बरं मग. कडी दाखवा कुठली आणलीय. ही? ही तर कपाटाची झाली. याहून जाड नाही? — हां, ही चालेल. आणि स्क्रू लांब घाला, चौकट जुनी आहे — तुम्हाला मी काय सांगायचं म्हणा, तुमचं कामच आहे ते. फक्त जरा हात चालवा. आमचा दवाखाना एक ते चार बंद असतो, दातांचा, मी काउंटरवर बसते तिथे, चारच्या ठोक्याला खुर्चीत दिसले नाही तर डॉक्टरीणबाई दिवसभर माझ्याशी फक्त मानेने बोलतात. आणि साडेतीनला मुली येतील पोहण्याच्या क्लासहून. त्यांच्या आधी तुमचं ड्रिल थांबलेलं बरं.

ती भोकं? नजर बारीक आहे हो तुमची. हो, होती तिथे कडी. सगळ्याच दारांना होत्या बाहेरून, जुन्या घरांत असतात तशा, चांगल्या वजनदार, सात होत्या सात. आमच्या ह्यांनी एका रविवारी बसून सातही काढल्या, भोकांत लांबी भरली, वरून रंग मारला आणि कड्या भंगारात दिल्या. आता तुम्ही म्हणणार, काढल्या कशाला आणि लावताय कशाला — म्हणा, म्हणा, मीसुद्धा स्वतःला तेच म्हणते. तीन महिने झाले इथे येऊन. अजून नऊ खोकी उघडायची आहेत, चार दिवस उलथनं सापडत नव्हतं, चमच्याने भाजी परतत होते. नळ सोडला की आधी खोकतो, मग विचार करतो, मग पाणी देतो. आणि हे घर घेतलं कोणासाठी? आईंसाठी. सासूबाई माझ्या. जुना फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यांना चढवेना. म्हटलं तळमजला असेल, ऐसपैस असेल, त्यांना बरं वाटेल. आणि वाटलं की बरं! पहिल्याच दिवशी घरभर फिरल्या, एकेका दाराला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, वा, इथे कड्या बाहेरून आहेत. आम्ही हसलो. तेव्हा आम्हाला हसू आलं, मिस्त्री.

मेट्रन होत्या ना त्या. मुलींच्या वसतिगृहात. एकतीस वर्षं. संध्याकाळी सात वाजले की एकेका खोलीत जायच्या, मुली मोजायच्या — चार, आठ, बारा — आणि बाहेरून कडी. — हो, बाहेरून. तेव्हा चालायचं, आईबापच सांगून जायचे, बाई, कडी लावत चला. मुली चळाचळा कापायच्या त्यांच्यापुढे, पण अजूनही त्यांतली एखादी रस्त्यात भेटली की गळ्यात पडते. आता त्यांनाच ओळखू येत नाही कोण ते. दोन वर्षांपासून एकेक सुटत चाललंय. आधी नावं गेली, मग वार गेले, आता ह्यांना शिपाई समजतात, पोटच्या पोराला. राहिलं काय, तर मोजणं आणि कडी. फ्लॅटमध्ये हे कळलंच नाही, तिथे दारांना फक्त आतून खिट्ट्या. इथे आलो आणि पहिल्याच आठवड्यात मी न्हाणीघरात. अकराला शिरले ती दोनला बाहेर आले. हाका मारून मारून घसा बसला. आणि ह्या बाहेरून मला म्हणतात, आरडाओरडा करू नकोस, बाकीच्या अभ्यास करतायत. — हसा, हसा, मीही हसले नंतर, दवाखान्यात रंगवून रंगवून सांगितलं सगळ्यांना. मग त्यांनी धाकटीला कोंडलं. माळ्याखालची ती खोली बघितलीत ना, खिडकी नाही तिला. सात वर्षांची पोर. मी कामावर, हे कामावर, थोरली मैत्रिणीकडे. आले तर आई स्वयंपाकघरात बसून शांतपणे कपड्यांचे चिमटे मोजतायत आणि आतून आवाज नाही. काही म्हणजे काही आवाज नाही. दार उघडलं तर भिंतीला पाठ लावून बसलेली, डोळे टक्क उघडे, आणि रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. अजून ती दार लावू देत नाही, संडासाचंसुद्धा नाही. त्याच रविवारी कड्या गेल्या.

ऐकू येतंय का तुम्हाला? स्वयंपाकघरातून — चार, आठ, बारा. हो, त्याच. चिमट्यांचा डबा देऊन बसवलंय. संपले की मी परत डब्यात मिसळते, त्या परत सुरू करतात. मोजतायत तोवर काळजी नाही. — अहो तुम्ही आपलं माप घ्या, तिकडे काय बघताय.

तर कड्या काढल्या, वाटलं सुटलो. कसले सुटतोय! घरात कड्या नाहीत म्हटल्यावर त्या बाहेर पडल्या. ह्या गल्लीत सगळीच घरं जुनी, प्रत्येकाला पुढच्या दाराला बाहेरून कडी. दुपारी सगळं चिडीचूप असतं आणि ह्या निघाल्या, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, एकेक दार ओढायचं, कडी घालायची, पुढचं दार. अख्खी गल्ली कोंडून घरी आल्या आणि मला म्हणाल्या, सगळ्या आत आहेत. पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा दोघीतिघी बोलायला आल्या, तरी चहा पिऊन गेल्या. तिसऱ्या वेळी ते समोरचे घड्याळवाले — म्हणजे पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता एक बाजू गेलीय त्यांची — एकटेच होते घरात. लेक कामावरून येईपर्यंत पाच तास. त्यांना ओट्यावर जाऊन बसायची सवय, दार उघडेना म्हणून जोर लावायला गेले आणि पडले. खुबा मोडला. त्यांची लेक आमच्या दारात आली ना, ओरडली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, तुमच्या माणसाला तुम्ही सांभाळा. त्या दिवसापासून गल्लीत आमच्याशी कोणी बोलत नाही. कचरा टाकायला गेले तरी समोरची बाई दार लावून घेते. आतून. म्हणजे आज मला कोणाला म्हणायचं असेल ना, की जरा लक्ष ठेवा हो आमच्या घराकडे, तर एक दार नाही म्हणायला.

ओळखलंत तुम्ही. मघाशीच ओळखलं असणार, पलंग बघून. हो, आईंचीच खोली आहे. अडगळ म्हटलं, चुकलं माझं. पण त्यांच्याच भल्यासाठी आहे हो, फक्त चार दिवसांचा प्रश्न आहे. आम्ही समुद्रावर जातोय. सहा वर्षांत, मिस्त्री, सहा वर्षांत आम्ही सुट्टीसाठी उंबऱ्याबाहेर पडलो नाही. धाकटी म्हणूनच तर पोहायला शिकतेय, रोज संध्याकाळी कोरड्या जमिनीवर पालथी पडून मला हात मारून दाखवते. खिडकीतून समुद्र दिसतो अशी खोली घेतलीय. तिथे एक दार उघडलं की वाळूच, असं त्या माणसाने फोनवर सांगितलं — मी धाकटीला सांगितलं, आपण ते दार दिवसभर उघडं ठेवू. केवढी हसली ती! या घरात आल्यापासून पहिल्यांदा तशी हसली. — आईंना बरोबर? नेलं असतं. या घरात आल्यावर एकदा नेलं होतं लग्नाला, तर हॉटेलात एक अख्खा मजला कोंडला त्यांनी, मॅनेजरने दोन्ही हात जोडले. नणंदेकडे ठेवलं होतं पंधरा दिवसांसाठी. चौथ्या दिवशी गाडी आली, आई आणि पिशवी फाटकाशी उतरवली, नणंदबाई गाडीतून खाली उतरल्यासुद्धा नाहीत, काच अर्धी खाली करून म्हणाल्या, वहिनी, मला जमणार नाही. आणि दर रविवारी फोन करून मला विचारतात, आई जेवते का नीट. वृद्धाश्रमवाल्यांना विचारलं, ते म्हणाले, अंथरुणावरचे असतील तर घेतो, फिरते घेत नाही. फिरते! जसं काही पंखा आहे.

हां, आणि दाराच्या खालच्या बाजूला एवढी एक खिडकी कापायची. एवढी. वीतभर उंच, दीड वीत रुंद. — मांजरासाठी. मांजर आहे ना आमच्याकडे, तिला जायला-यायला. — नाही, आत्ता नाहीये घरात, फिरायला गेली असेल. — दीड वीत जास्त वाटतंय? जरा जाडी आहे मांजर. — मिस्त्री, बरं, ताटासाठी. ताट सरकलं पाहिजे आत, झालं? मांजर नाही आमच्याकडे. दवाखान्यात दिवसभर लोकांना सांगते ना, अजिबात दुखणार नाही, नुसतं मुंगी चावल्यासारखं होईल — तशी सवयच लागलीय तोंडाला. भांडी घासायला बाई येते, ती दोन वेळा येऊन ताट सरकवेल. आत जायला घाबरते ती. तिचा हात धरून ठेवला होता आईंनी, सोडेचनात, म्हणे तू खोली नंबर नऊची, तू अजून मोजायची राहिलीस. म्हणून म्हटलं, आत जायलाच नको. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. — म्हणजे संध्याकाळचं नक्की नाही, तिला दुसरीकडे काम असतं, पण सकाळी दोन्ही वेळचं एकदम ठेवता येईल. भात, पोळी, केळी. रोज केळी आवडतात त्यांना. आठ दिवस काही माणूस — हो, आठ. चार म्हटलं का मी? चार तिथे, आणि मग तिथून पुढे ते दुसरं गाव आहे ना, जाऊन-येऊन आठ. दहा धरा, तिकिटं दहाव्या दिवसाची मिळाली.

थांबा. थांबा जरा, ड्रिल बंद करा. मोजणं थांबलं का? — आई? — आई, काय करताय? — हो, आलेत एक जण, दाराचं काम चाललंय. नाही, निरीक्षक नाहीत, सुतार आहेत. मोजा तुम्ही, मोजा. — झालं. सुरू झालं परत. चालू द्या तुमचं. मघाशी आत शिरताना त्यांनी तुम्हाला काय विचारलं? — पोरींचे पलंग दुरुस्त करायला आलात का? आणि तुम्ही हो म्हणालात. बरं केलंत. गोड माणूस आहात तुम्ही.

तुम्हाला वाटत असेल, कसली बाई आहे. वाटतंय ना? थोरली झाली तेव्हा मी अकरा दिवस दवाखान्यात होते, ताप उतरत नव्हता, माझी स्वतःची आई तीन दिवसांत कंटाळून गेली. ह्या अकरा दिवस खुर्चीत बसून. मी डोळा उघडला की ह्या. मला हळूच म्हणायच्या, तू झोप, मी मोजतेय ना तुझे श्वास. माझा जीव आहे त्यांच्यावर. अजूनही रोज मीच वेणी घालते त्यांची, दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही. आणि तरी, मिस्त्री, वेणी घालता घालता मनात येतं, एकदा संपू दे हे. येतं. रोज येतं. भीती वाटते मला त्यांची आणि माझीही. कामावरून येताना कोपऱ्यावर आधी थांबून बघते, गल्लीत काय झालं असेल, कोण दारात उभं असेल. मला दहा दिवस पाहिजेत. मला दहा दिवस असे पाहिजेत की दार वाजलं तर मी दचकणार नाही. एवढंच मागतेय मी, फार आहे का हो?

ह्यांना काय म्हणायचंय? ह्यांना काही म्हणायचं नाही, ह्यांना सांगितलंय नर्स येणार आहे. मघाशी म्हटलं का मी, ह्यांनीच कडी लावायला सांगितली? — नाही ना? तेच तर. ह्यांना माहीत नाही. नर्स येणार होती खरंच, एजन्सीने पाठवली होती महिन्यापूर्वी एक, चांगली धट्टीकट्टी. दोन दिवस राहिली. मग गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि आईंनी गच्चीचं दार — त्याची कडी तेवढी राहिली होती काढायची, ह्यांना दिसलीच नव्हती. भर दुपारच्या उन्हात. खाली आली ती पिशवी उचलून सरळ गेली. एजन्सीवाले आता माझा फोनच घेत नाहीत. हे मला अजून विचारतात, नर्सशी बोललीस ना? मी म्हणते, बोलले. निघायच्या दिवशी बघू. टॅक्सी दारात उभी असली, मुली आत जाऊन बसल्या असल्या की माणूस वाद घालत नाही, गपचूप बसतो. हे म्हणाले होते, तू जा मुलींना घेऊन, मी थांबतो. म्हणाले होते हो, खोटं कशाला बोलू. मीच म्हटलं, तुम्ही नसाल तर कसली सुट्टी, सगळ्यांनी मिळून जायचंय. मीच म्हटलं ते.

आणि ही खिडकीही बघून ठेवा जाताना. गज पक्के आहेत, पण फळ्यांना दोन खिळे मारा. रस्त्यावर उघडते ना, त्या जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारतात. लोकांनी ऐकलं तर उगाच गवगवा. — हवा? हवा येते की, दाराला खाली एवढी मोठी खिडकी करतोय आपण. — भांडीवाली? ती काय. ती सोमवारपासून आली नाहीये, पण येईल. निरोप पाठवलाय. हो म्हणाली नाही अजून, नाहीही म्हणाली नाही. नाहीच आली तर तिची जाऊ आहे एक, तिला विचारेन. कोणीतरी मिळेलच, अजून पाच दिवस आहेत.

असं गप्प राहून काम करू नका हो, मला अवघडल्यासारखं होतं. तुमच्याकडे नाही का कोणी म्हातारं माणूस? — होते? वडील. बरं. असेच होते का, विसरणारे? — मग तुम्हाला तर सगळं माहीतच आहे, मी बापडी तासभर काय समजावत बसलेय! तुम्हाला कुठे जायचं झालं तर काय करायचात? — कडी. बघा! बघा, आणि मघापासून माझ्याकडे असे बघताय जसं काही मी — भाचीच्या लग्नाला? दोनच दिवस. हो, दोन दिवस कोणीही ठेवेल, न जाऊन चालतं का भाचीच्या लग्नाला. आणि शेजारी सांगून गेला होतात? — नव्हतं सांगितलं? लाज वाटली. हं. ते आहेच. मग? — मग यायला उशीर का झाला? — गाड्याच बंद झाल्या. किती दिवस? — चार.

ड्रिल कशाला खाली ठेवलंत? — आल्यावर दार उघडलंत, आणि? — बोला की, आता अर्धं सांगून —

बरं. बरं, नका सांगू. कळलं मला.

तेव्हाही उन्हाळाच होता? — हं.

पाणी ठेवलं होतं ना आत? — किती? — एक तांब्या. चार दिवसांना एकच तांब्या?

मग तेच झालं ना, मिस्त्री. एका तांब्याने काय होतंय. आम्ही बादली ठेवू. मोठी, झाकणाची, पलंगापासून हाताच्या अंतरावर. दोन ठेवू हवं तर, दुसरी खोक्यांत आहे कुठेतरी, काढते मी आज. — असं बघू नका माझ्याकडे. उचला ते ड्रिल. साडेतीन वाजत आले, मुली येतील एवढ्यात. लावा तुम्ही.